बॅटरी नवी, तरी इंजिनाचा दिवा पेटलेला : दोष कसा शोधावा?

व्यापार आणि वाहन यांचा आता चोली-दामनचा संबंध झाला आहे. कापडाच्या गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामातून दुकानात आणावयाच्या असोत, शिवलेला माल कारखान्यातून गिऱ्हाईकाकडे पोहोचवायचा असो की आठवडे बाजाराला जावयाचे असो, दारात एखादी व्हॅन, पिकअप किंवा जुनी मोटार असतेच. ती एक दिवस उभी राहिली तर भाड्याची गाडी करावी लागते, लग्नसराईत तीही मिळत नाही, आणि वेळेवर माल न पोहोचल्यामुळे गिऱ्हाईक तुटते ते वेगळेच.

अशा गाडीच्या बाबतीत एक तक्रार आता वारंवार ऐकू येते. सकाळी गाडी सुरू झाली नाही, म्हणून जवळच्या दुकानातून नवी बॅटरी आणून बसविली. गाडी सुरू झाली, पण समोरच्या मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला, तो विझतच नाही. यावर माणसे दोन प्रकारे वागतात. काही जण घाबरून गॅरेजवाला सांगेल ते सुटे भाग बदलत सुटतात. काही जण दिव्याकडे पाठ फिरवून गाडी चालवीत राहतात. दोहोंत नुकसान आहे. हकीम नाडी पाहिल्याशिवाय नुस्खा लिहीत नाही. गाडीचेही तसेच आहे. आधी तपास, मग इलाज. हा तपास क्रमाने कसा करावा, हे प्रस्तुत लेखात पाहू.

हा दिवा काय सांगतो?

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत असा दिवा नव्हता, कारण त्यांत काँप्युटरच नव्हता. सन २००० च्या सुमारास आपल्याकडे इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या वाढू लागल्या. पेट्रोल किती सोडावे आणि ठिणगी केव्हा पाडावी, हे ठरविण्याचे काम एका डब्याकडे आले. त्याला आपले मिस्त्री ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. पुढे धुराचे नियम कडक झाले. १ एप्रिल २०१० पासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः ओळखण्याची ओबीडी ही व्यवस्था नव्या मोटारींत आली, आणि २०१३ पासून तिचा अधिक कडक दुसरा टप्पा लागू झाला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर ही देखरेख आणखी बारीक झाली.

या व्यवस्थेला काही चुकीचे आढळले की ती दिवा पेटवते आणि त्या दोषाचा नंबर आपल्या वहीत टिपून ठेवते. या नंबराला कोड म्हणतात. म्हणजे दिवा ही केवळ हाक आहे, मजकूर कोडमध्ये असतो.

बॅटरी काढली की काय घडते?

ईसीएमला थोडी वीज सतत लागते. त्या विजेवर तो काही गोष्टी ध्यानात ठेवतो. या इंजिनाला पेट्रोल किंचित जास्त लागते की कमी, थ्रॉटलवर काजळी किती बसली आहे, गाडी उभी असताना किती हवा दिली म्हणजे इंजिन बंद पडत नाही, हा सारा अनुभव तो चालता चालता गोळा करतो. बॅटरी सुटली की अनेक गाड्यांत ही आठवण पुसली जाते. जुना मुनीम अचानक गेला आणि नवा बसला तर पहिले काही दिवस उधारीचा हिशोब अडखळतो, तसे हे आहे.

परंतु एवढ्याने दिवा लागलाच पाहिजे असे नाही. दोष नसलेली गाडी बॅटरी बदलल्यावर थोडी अडखळेल, घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागतील, काचांचे आपोआप वर जाणे पुन्हा शिकवावे लागेल, पण इंजिनाचा दिवा लागणार नाही. दिवा लागला याचा अर्थ खालील चारपैकी एक गोष्ट झालेली असते.

१) बॅटरी बसविताना काही सैल, सुटलेले किंवा उलटसुलट राहिले.
२) जुनी बॅटरी मरत असताना कमी व्होल्टेजचा कोड टिपला गेला, तो अजून वहीत आहे.
३) खरा दोष बॅटरीत नव्हताच, चार्जिंग बिघडले आहे.
४) इंजिनात जुना दोष होता. ईसीएम तो सांभाळून घेत होता. आठवण पुसली आणि तो उघडा पडला.

प्रथम दिवा ओळखा

चावी फिरवून इंजिन सुरू न करता पाहिले तर पुष्कळ दिवे लागतात. ती त्यांची हजेरी आहे. इंजिन सुरू झाल्यावर ते विझले पाहिजेत. जो राहील तो नीट पाहा.

लाल रंगाचा तेलाच्या डब्याचा दिवा राहिला तर इंजिन ताबडतोब बंद करा. लाल रंगाचा बॅटरीच्या चित्राचा दिवा राहिला तर अल्टरनेटर चार्जिंग करीत नाही. गाडी थोडे अंतर जाऊन थांबणार आहे. स्टिअरिंगचा किंवा घसरणाऱ्या गाडीचा दिवा बॅटरी बदलल्यावर पुष्कळदा लागतो. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग डावीकडे व उजवीकडे पूर्ण फिरवले आणि गाडी थोडी सरळ चालवली की बऱ्याच गाड्यांत तो जातो.

आता इंजिनाचा पिवळा दिवा. तो स्थिर असेल आणि इंजिन सुरळीत चालत असेल तर गाडी सावकाश चालविण्यास हरकत नाही, तपासाला एक-दोन दिवस मिळतात. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत तो उघडझाप करीत असेल तर मात्र माल भरून निघू नका. त्याचा अर्थ सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे आणि न जळलेले इंधन सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आहे. त्या उष्णतेने कन्व्हर्टर आतून वितळतो. बॅटरीच्या किमतीच्या कितीतरी पट हा भाग महाग आहे. गाडी बाजूला घ्या आणि दुरुस्तीस पाठवा.

हाताने तपासण्याच्या गोष्टी

गॅरेजला जाण्यापूर्वी बॉनेट उघडून दहा मिनिटे द्यावीत. इंजिन व चावी बंद असू द्या. निम्मे दोष येथेच मिळतात.

क्लॅम्प : दोन्ही टर्मिनलचे क्लॅम्प हाताने पिळून पाहा. जरासुद्धा फिरता कामा नयेत. काही बॅटऱ्यांचे खुंट बारीक तर काहींचे जाड असतात. जाड खुंटाचा क्लॅम्प बारीक खुंटावर घातला तर तो आवळूनही सैल राहतो. त्यासाठी शिशाची टोपी मिळते. पत्र्याचा तुकडा खुपसण्याची रीत वाईट. स्टार्टर फिरताना मोठा करंट जातो तेव्हा असा सैल जोड क्षणभर तुटतो, आणि ईसीएमला वाटते वीजच गेली.

बारीक तारा : पॉझिटिव्ह क्लॅम्पवर जाड तारेखेरीज एक-दोन बारीक तारा असतात. बाहेरून सीएनजी किट बसविले असेल तर किटचीही तार तेथेच असते. घाईत एखादी खाली लोंबत राहते. नव्या गाड्यांत निगेटिव्ह क्लॅम्पवर लहानसा सेन्सर व त्याचा प्लग असतो. तो घट्ट बसला आहे का पाहा.

अर्थिंग : निगेटिव्हची तार बॉडीला व गिअरबॉक्सला जेथे बोल्टने लावलेली असते तेथे गंज किंवा हिरवा थर असेल तर घासून स्वच्छ करा. पावसाळ्यानंतर कोकणपट्टीतील गाड्यांत हा दोष फार.

हवेचा पाईप : ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अनेक गाड्यांत बॅटरी एअर फिल्टरच्या डब्याला खेटून असते. बॅटरी काढताना डबा किंवा त्याचा रबरी पाईप हलवावा लागतो. तो पुन्हा नीट बसला नाही, पाईपला चीर गेली किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग सुटा राहिला, तर न मोजलेली हवा इंजिनात शिरते आणि दिवा लागतो. दोष बॅटरीचा वाटतो, असतो पाईपाचा.

फ्यूज : बॅटरी क्षणभरही उलटी जोडली गेली असेल तर मोठा फ्यूज उडतो, अल्टरनेटरचे डायोडही जातात. बॅटरीवरील नंबरात शेवटी आर किंवा एल हे अक्षर असते, उदाहरणार्थ ३८बी२०एल. ते खुंट कोणत्या बाजूला आहेत हे सांगते. अक्षर बदलले तर तार पोहोचत नाही, ओढून लावावी लागते, आणि येथेच घोटाळा होतो. जुन्या बॅटरीचे अक्षर पाहूनच नवी घ्यावी.

मीटरचे आकडे

साधा डिजिटल मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. कापडाच्या दुकानात गज असतो तसा गाडीवाल्याच्या घरी हा असावा. चार मापे घ्यावीत.

पहिले : गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन खुंटांवर. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. नवी बॅटरीही दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिली तर उतरते. म्हणून विकत घेतानाच व्होल्टेज पाहून घ्यावे. गाठ उघडून मीटर मोजल्याशिवाय आपण कापड उतरवून घेत नाही, मग बॅटरी का घ्यावी?

दुसरे : स्टार्टर फिरत असताना. आकडा साडेनऊच्या खाली जाऊ नये. गेला तर बॅटरी दुबळी आहे, जोड खराब आहे किंवा स्टार्टर जास्त करंट ओढतो आहे.

तिसरे : इंजिन चालू असताना. साधारण १३.८ ते १४.५ यावयास हवेत. हेडलाईट आणि पंखा लावूनही १३.५ च्या आसपास टिकले पाहिजेत. आकडा साडेबाराच्या पुढे सरकतच नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा दोषी आहे. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर. काही नव्या गाड्यांत ईसीएम स्वतः चार्जिंग कमी-अधिक करतो, तेथे आकडा थोडा हलतो. म्हणून दोनदा पाहावे.

चौथे : इंजिन चालू असताना मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. येथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थिंगचा जोड खराब आहे.

तिसरे माप सर्वांत महत्त्वाचे. जुनी बॅटरी वयाने मेली की उपासमारीने, हे ते सांगते. अल्टरनेटर दुबळा असेल तर नवी बॅटरीही काही दिवसांत बसेल, आणि दुसऱ्या बॅटरीचे पैसे पाण्यात जातील. त्याचप्रमाणे बंद गाडीत कोणीतरी वीज खात असेल, मग तो बाहेरून बसविलेला टेप असो, अलार्म असो की गाडी शोधणारे यंत्र, तरीही तेच होईल. हिशोब सोपा आहे. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून अर्धा अँपिअर गळत असेल तर ती ७० तासांत, म्हणजे तीन दिवसांत रिकामी होते. स्टार्टर तर त्याआधीच फिरेनासा होतो. चांगल्या गाडीत ही गळती ०.०५ अँपिअरच्या आत असते.

कोड वाचून घ्या, मगच पुसा

स्टिअरिंगच्या खाली १६ खाचांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावला की कोड दिसतो. लहान स्कॅनर मोबाईललाही जोडता येतात. गॅरेजमध्ये गेल्यावर एक गोष्ट आग्रहाने सांगा : "उस्ताद, कोड पुसण्यापूर्वी कागदावर लिहून द्या." कोड टिपला गेला त्या वेळी इंजिन किती फिरत होते, किती तापलेले होते, हेही अनेकदा नोंदलेले असते. पुसले की हा पुरावा जातो.

बॅटरी बदलल्यानंतर सहसा दिसणारे कोड व त्यांचा अर्थ असा :

पी०५६२ : व्होल्टेज कमी. जुन्या बॅटरीच्या वेळचा असू शकतो. तिसरे माप चांगले असेल तर पुसून पाहा. परत आला तर अल्टरनेटर, पट्टा व जोड तपासा.

पी०५६३ : व्होल्टेज जास्त. रेग्युलेटर तपासा. जंप देताना चूक झाली असेल तरीही येतो.

पी०५०५, पी०५०६, पी०५०७ : गाडी उभी असताना इंजिनाची गती बिघडली. बहुधा थ्रॉटलची काजळी किंवा हवेची गळती.

पी०१७१ : हवा जास्त, इंधन कमी. हवेचा पाईप प्रथम पाहा. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत किटची जुळवणीही पाहावी.

पी०३०० व त्यापुढील काही : ठिणगी चुकते. प्लग, कॉइल. ३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ३०२ म्हणजे दुसरा.

यू अक्षराने सुरू होणारे : डबे एकमेकांशी बोलत नाहीत. व्होल्टेज पडले होते तेव्हाचे असतात, किंवा एखादा फ्यूज गेलेला असतो.

मात्र कोड म्हणजे दोषी भागाचे नाव नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे. कोड सांगतो की कोठे आकडा जुळत नाही. का जुळत नाही, हे माणसाने शोधावयाचे. पी०१७१ आला म्हणून सेन्सर बदलणे म्हणजे गल्ल्यात पैसे कमी पडले म्हणून गल्ला बदलणे होय.

इंजिन उभ्या उभ्या बंद पडते तेव्हा

थ्रॉटलच्या पाकळीवर वर्षानुवर्षे काजळी बसते. हवेची फट अरुंद होते. ईसीएम हळूहळू पाकळी जास्त उघडून ती तूट भरून काढतो, म्हणून मालकाला काही कळत नाही. बॅटरी निघाली, आठवण गेली, आणि ईसीएम नव्या इंजिनाप्रमाणे पाकळी थोडीशीच उघडतो. काजळीमुळे हवा पुरत नाही, इंजिन थरथरते, सिग्नलवर बंद पडते. येथे दोष नव्या बॅटरीचा नाही आणि ईसीएमचाही नाही. थ्रॉटल साफ करावयाचे आणि गाडीला पुन्हा शिकू द्यावयाचे, एवढाच इलाज आहे. तारेवर चालणाऱ्या नव्या थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नये, आतील मोटर बिघडते.

शिकविण्याची साधारण रीत अशी. इंजिन सुरू करून ऍक्सिलरेटरला पाय न लावता ते पूर्ण तापेपर्यंत चालू द्या. नंतर एसी असल्यास लावून काही मिनिटे चालू द्या. मग वीस-तीस किलोमीटर गाडी चालवा, थोडी गर्दीत, थोडी मोकळ्या रस्त्यावर. सीएनजी गाडी प्रथम पेट्रोलवर चालवावी. काही गाड्यांना हे काम स्कॅनरनेच करावे लागते.

दिवा केव्हा विझतो?

दोष खरोखर गेला असेल तर साधारणपणे लागोपाठ तीन फेऱ्यांत तपासणी बिनचूक झाल्यावर दिवा आपोआप विझतो. फेरी म्हणजे गाडी सुरू करून पुरेशी चालविणे व बंद करणे. विझून पुन्हा लागला तर दोष शिल्लक आहे.

याची दुसरी बाजूही जाणून असावे. बॅटरी काढून ठेवल्याने पेटलेला दिवा काही काळ विझतो. जुनी गाडी विकणारे काही लोक हीच युक्ती करतात. घेणाऱ्याने स्कॅनर लावून अंतर्गत तपासण्या पूर्ण झाल्या आहेत का पाहावे. बहुतेक अपूर्ण दिसल्या तर वही नुकतीच कोरी केली आहे, असे समजावे. आणि विकणाऱ्यानेही मालातील ऐब झाकून सौदा करू नये. कापडाला जो नियम, तोच गाडीला.

बॅटरी बदलताना

चावी बंद करून थोडा वेळ थांबा. अंगठी व घड्याळ काढा. आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. लावताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. असे केल्याने पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट नको.

इंजिन चालू असताना बॅटरीची तार सोडून चार्जिंग पाहण्याची जुन्या मिस्त्र्यांची रीत होती. जुन्या डायनामोच्या गाडीत ते खपून जात असे. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि ईसीएम जळू शकतो. कोणी असे करू लागला तर नम्रपणे हात धरावा.

सिग्नलवर आपोआप बंद होऊन सुरू होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी घालू नका. तिची बॅटरी वेगळी असते. पावतीवर तारीख व वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या. जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या. तिची किंमत बिलातून वजा होते. ती फोडून शिसे काढणाऱ्याला विकली तर तेजाब व शिशाचे विष वस्तीत राहते.

शेवटी एवढेच की, क्रम मोडू नये. दिवा ओळखा, जोड तपासा, व्होल्टेज मोजा, कोड लिहून घ्या, आणि सुटा भाग सर्वांत शेवटी बदला. बदललेला जुना भाग मागून घ्यावा व बिलावर कोड नंबर लिहवून घ्यावा. जो कारागीर प्रामाणिक आहे त्याला याचे वाईट वाटत नाही, उलट जाणकार गिऱ्हाईक मिळाल्याचा आनंदच होतो.